वरवंट्यांची लोंबी

शाळेच्या बागेत वरवंट्यांचं शिल्प करायचं, ही कल्पना माझी नव्हती. पण हे वरवंटे आता कुणाला लागत नाहीत, असं सांगणारा मीच होतो.

आमची शाळा नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. मी त्याच शाळेत शिकलो. आमची वाडी वर डोंगरात, पावसाळ्यात ओढा भरला की दोन-दोन दिवस खाली उतरता येत नसे. म्हणून दहावीच्या वर्षी आईनं मला शाळेजवळच्या एका घरी ठेवलं. त्या घरातल्या बाईंना मी मावशी म्हणतो. नातं काही नाही, बाजारात तांदूळ विकायला शेजारी-शेजारी बसायच्या एवढीच दोघींची ओळख. मावशींनी मला वर्षभर स्वतःच्या मुलाच्या ताटाशेजारी ताट मांडून जेवायला वाढलं. पुढं मी भोरला कॉलेज केलं, बीएड झालो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. शाळेत जागा निघाली तेव्हा मला शिकवलेल्या हेडसरांनी माणूस पाठवून कळवलं, ‘अर्ज टाक.’ या दोघांचं माझ्यावर जे आहे ते मी विसरलेलो नाही. पुढं जे झालं त्यात मला ते एकमेकांसमोर उभे दिसले, आणि मी चुकीच्या बाजूला सरकलो.

पुण्यातली एक संस्था खेड्यांतल्या शाळांच्या बागेत शिल्पं उभी करायला अनुदान देते. हेडसरांना हे कुठून तरी कळलं. अर्ज मी लिहिला. आमची बाग म्हणजे पोषण आहारासाठी लावलेली मेथी, वांगी, शेवगा आणि कडेनं झेंडू. तिच्यात शिल्प म्हटल्यावर गावात चेष्टा झाली. चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, “सर, पुतळा कुणाचा? हेडसरांचा का तुमचा?” पण अनुदान मंजूर झालं, आणि हेडसर निवृत्तीच्या आधीच्या वर्षी असे खूष झाले की त्यांनी ते पत्र ऑफिसच्या काचेखाली घालून ठेवलं. अट एकच होती, गावाचा सहभाग हवा.

शिल्पकार बाई पुण्याहून आल्या. सुती कुडता, पायात जाड बूट, बोलणं कमी. मी त्यांना घेऊन चार घरं फिरलो. एका घरी चहा होईपर्यंत त्या परसात गेल्या आणि दाराला टेकण म्हणून ठेवलेला वरवंटा उचलून घेऊन आल्या.

“हा बघा. भाताचा दाणा मोठा करून पाहावा तसा आहे.”

मग त्यांनी वहीत काढून दाखवलं. लोखंडी पाइपची वाकलेली काडी आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी दाणे म्हणून खरे वरवंटे, घराघरांतून आलेले. आमच्या भागात भातच भात. बागेत माणसाच्या दीडपट उंचीची भाताची लोंबी उभी राहणार, हे चित्र मला इतकं आवडलं की मी लगेच हो म्हणालो.

परतताना त्यांनी विचारलं, “लोक देतील ना? काही मानत असतील तर आधी सांगा.”

“नाही मॅडम. मिक्सर आल्यापासून नुसते पडून आहेत. आता कोण मानतंय.”

हे मी का म्हणालो याचा नंतर मी पुष्कळ विचार केला. मला माहीत नव्हतं असं नाही. मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी सटवाई पुजतात, तेव्हा पाटा-वरवंटा मांडतात. बारशाला वरवंट्याला कुंची घालून आधी त्याला पाळण्यात ठेवतात, बाळ त्याच्यानंतर. आमच्या वाडीत हे सगळं मी लहानपणी पाहिलंय. घरातला वरवंटा बायका शेजारणीलासुद्धा देत नाहीत. पण शहरातून आलेल्या, इंग्रजीत फोनवर बोलणाऱ्या बाईंपुढं मला आमचं गाव मागासलेलं दिसू द्यायचं नव्हतं. म्हणून गावाच्या वतीनं मी उत्तर देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक वर्गात जाऊन मी सांगितलं, “घरी वापरात नसलेला वरवंटा असेल तर घेऊन या.” घरी विचारून आणा, असं मी म्हणालो का? बहुतेक नाही.

आठ दिवसांत व्हरांड्यात वरवंट्यांची रांग लागली. काळे, करडे, एका बाजूनं झिजून चपटे झालेले. काहींना अजून लसणाचा वास होता. मुलं एकमेकांना ‘तुझा बारका, माझा जाडा’ म्हणून चिडवत होती.

मावशींची नात तेव्हा आठवीत होती. कामात चोख, वर्गात पुढच्या बाकावर. ती एका सकाळी दप्तर पोटाशी धरून आली, कारण आतल्या वजनानं एक पट्टा तुटला होता. ऑफिसच्या दारात तिनं मला गाठलं.

“सर, आजी भोरला गेलीय आत्याला घिऊन, दवाखान्यात. तिला इचारलं न्हाई. चालंल का?”

“वापरता का घरी?”

“न्हाई. मोरीपाशी ठिवल्याला असतो.”

“मग चालेल. आजीला मी सांगतो.”

तिनं तो माझ्या हातात दिला आणि मी ओळखला. एका टोकाला नखाएवढी पांढरी रेघ. दहावीच्या वर्षी रविवारी मावशी शेतावर गेल्या की कारळ्याची चटणी मीच वाटायचो, याच वरवंट्यानं. मला फार आनंद झाला. बागेत काम सुरू झालं तेव्हा मी शिल्पकार बाईंना मुद्दाम सांगितलं की हा एक अगदी खालच्या टोकाला लावा, मुलांचा हात पोचेल असा. नसरापूरहून आलेला कारागीर मशीननं प्रत्येक दगडाला आरपार भोक पाडत होता, त्यातून लोखंडी सळई जायची होती. दगड हलू नये म्हणून कुणीतरी धरावा लागे. तो वरवंटा मी धरला. वरून पाण्याची धार सोडली होती, करड्या चिखलानं माझे हात माखले.

आजीला सांगतो म्हटलं होतं, ते राहिलं. रोज त्यांच्या दारावरून गाडी घेऊन जायचो. कधी घाई असे, कधी त्या घरी नसत. नंतर मनात आलं की उद्घाटनाच्या दिवशीच दाखवू, तुमचा वरवंटा बघा कुठं लागलाय म्हणून. त्यांना आवडेल असं मी खरोखर धरून चाललो होतो.

मावशींची लेक, म्हणजे त्या मुलीची आत्या, बाळंतपणाला माहेरी आली होती. आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता. या खेपेला सगळं घर तिच्याभोवती हलकं पाऊल टाकत होतं. दिवस भरायच्या आधीच तिला कळा आल्या आणि भोरच्या दवाखान्यात मुलगा झाला. वजन फार कमी. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. बाळंतीणही तिथंच.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत मावशी शाळेत आल्या. भोरहून एसटीनं उतरून घरी न जाता थेट आल्या असाव्यात, हातात डब्याची पिशवी होती. मी, हेडसर आणि शिल्पकार बाई बागेत उभे होतो. लोंबी जवळपास पुरी झाली होती. उद्घाटन स्नेहसंमेलनाच्या दिवशी, संस्थेचे लोक येणार, हेडसर खुर्च्या कुठं मांडायच्या ते सांगत होते.

“बाळा, माजा वरवंटा हितं आलाय म्हनं,” मावशी म्हणाल्या. “उद्या पाचवी हाय. लेक तिकडं असली तरी घरी पुजायला पायजेल. तेवढा दे. पुजा झाली की म्या सोता आनून दीन.”

मी बोट केलं. त्या लोंबीच्या टोकाशी गेल्या, वाकून बघितलं. पांढऱ्या रेघेवरून हात फिरवला, मग तोच हात मागं गेला आणि सळईला लागला.

“भोक पाडलं?”

आमच्याकडं भोक पडलेला, टवका उडालेला दगड पूजेला चालत नाही. तो काढून दिला असता तरी आता घरात मांडता आला नसता.

शिल्पकार बाई माझ्याकडं वळल्या. “सर, घरी विचारून आणलेत ना सगळे?”

मी उत्तर द्यायच्या आत मावशीच म्हणाल्या, “पोरगी म्हनती, म्या सरांला इचारलं हुतं. आजीला सांगतो म्हनलं सर. व्हय का रं? आसं म्हनला हुतास?”

त्या रागानं विचारत नव्हत्या. मी हो म्हणालो असतो तर त्या मला चार शब्द बोलल्या असत्या आणि गेल्या असत्या. पण हेडसर माझ्याकडं पाहत होते. अर्जाखाली गावाच्या संमतीचा कागद होता, त्यावर सही माझी होती.

मी म्हणालो, “वर्गात सगळ्यांना घरी विचारून आणा असंच सांगितलं होतं, मावशी. ती असं काही बोलल्याचं मला आठवत नाही.”

“मंग पोरगी लबाड बोलली,” असं म्हणून मावशी पिशवी सावरत निघाल्या. फाटकाशी थांबून एवढंच म्हणाल्या, “तिचा बाप ऐकनार न्हाई आता.”

त्या गेल्यावर हेडसरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “बरं केलंस. एक काढायचा म्हटलं असतं तर उद्या सगळं गाव दारात आलं असतं.” या माणसानं मला फळ्यासमोर उभं राहायला शिकवलं. त्यांचा हात खांद्यावर होता तोवर मला ते बरं केलं असंच वाटलं.

मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी खिचडी शिजवणाऱ्या बाईंनी चुलीपाशी मला ऐकवलं, “सर, तुमच्या आठवीतल्या पोरीला लई हानलं बापानं. वरवंटा नेला म्हून न्हवं. खोटं बोलली म्हून. बाई ग, पोरगी एकच म्हनत हुती, सरांला इचारा, सरांला इचारा.” मग पळी ठेवून पदरानं कपाळ पुसलं. “आनि शेजारनी काय कमी का? बाळ पेटीत हाय ते हिच्यापायी, म्हनत्यात. वरवंटा घराभाईर काढला ना हिनं.”

मी मावशींच्या घरी गेलो नाही. मी भोरला गेलो. बाजारात एसटी स्टँडच्या वाटेवर एक बाई पाटे-वरवंटे, खलबत्ते घेऊन बसते. मी म्हटलं, एक वरवंटा द्या.

“पाटा कुठाय?”

“पाटा आहे घरी. फक्त वरवंटा पाहिजे.”

“सुटा न्हाई देत. त्यो त्येच्या पाट्यावर बसल्याला असतो. दुसऱ्याच्या पाट्यावर नाचंल नुसता. जोडी घ्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.”

जोडी घेतली. पाटा गाडीच्या पाठीमागं दोरीनं बांधला. घाटात प्रत्येक वळणावर तो एका बाजूला ओढत होता. मावशींच्या अंगणात उतरवला तेव्हा त्यांचा मुलगा, मुलीचा बाप, ओसरीवर होता. दहावीला आमची ताटं शेजारी असायची, तो हा. त्यानं उठून मला पाणी दिलं. मुलगी आत असावी, तिचा आवाज आला नाही.

मावशी पाट्याकडं पाहून म्हणाल्या, “ह्यो कशाला आनला? पाटा हाय की माजा. वरवंटाच गेलाय.”

“सुटा मिळत नाही म्हणाली ती.”

“न्हाईच मिळत. घरच्या पाट्याला घरचाच लागतो.” मग मला वाईट वाटू नये म्हणून असेल, म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. आनलास तू आठवनीनं.”

तेव्हा बोलायला हवं होतं. तिघंच होतो. मी पाणी प्यायलो, बाळाच्या वजनाची चौकशी केली आणि निघालो. दगडाच्या बदल्यात दगड दिला की काहीतरी फिटेल, अशी माझी समजूत होती. वाटेत ती समजूत गेली, पण मी गाडी मागं वळवली नाही.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. मुलगी आठवीच्या रांगेत बसली होती, पुढून नव्हे, शेवटून दुसरी. संस्थेचे पाहुणे आले, फीत कापली, फोटो झाले. लोंबी खरंच सुंदर दिसत होती. वाऱ्यानं हलेल असं वाटावं, इतकी हलकी. मी कागदावरून वाचलं, “या लोंबीतला प्रत्येक दाणा आपल्या गावातल्या एका घरानं आनंदानं, आपणहून दिलेला आहे.” वाक्य माझंच होतं, आधी लिहिलेलं. वाचताना मी रांगांकडं पाहिलं नाही. टाळ्या वाजल्या.

सगळं आवरल्यावर शिल्पकार बाई त्यांचं सामान गाडीत ठेवत होत्या. मी हात लावायला गेलो. त्या म्हणाल्या, “सर, एक विचारू? ती मुलगी खोटं बोलत होती का?”

“नाही,” मी म्हणालो. तोंडातून इतकं सरळ निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

त्या हातातली पेटी खाली ठेवून म्हणाल्या, “मग हे मला का सांगताय?”

बाळ घरी यायला महिना गेला. त्यामुळं बारसंही उशिरा झालं. मला बोलावणं आलं. अंगणात मांडव नव्हता, घरातल्या घरात केलं होतं. आत बायका पाळण्याभोवती जमल्या होत्या, ओसरीवर आम्ही पुरुष माणसं. मी आणलेल्या वरवंट्याला कुंची घातली होती. न वापरलेला दगड, टाकीचे घाव तसेच वर आलेले, कुंचीचा धागा त्याला अडकला. एक बाई हसून म्हणाली, “ह्यो रांगडा दिसतोय गं, अजून अंग न्हाई घासलं ह्येचं.” मावशी हसल्या नाहीत. मुलगी कोपऱ्यात पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती.

मी उंबऱ्याशी जाऊन म्हणालो, “मावशी, जरा बाहेर येता? आणि ह्याला पण बोलवा.” त्यांचा मुलगा आला. आत बायका गप्प झाल्या होत्या, त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात मी सांगितलं. तिनं मला विचारलं होतं. आजीला विचारलं नाही हेही तिनंच सांगितलं होतं. मी चालेल म्हणालो, मी सांगतो म्हणालो, आणि सांगितलं नाही. भोक पाडताना तो दगड मी धरला होता. तुम्ही शाळेत आलात त्या दिवशी मी खोटं बोललो.

मुलीच्या बापानं चपला पायात सरकवल्या आणि रस्त्याकडं निघून गेला. जाताना माझ्या खांद्याला खांदा लागला, तो मुद्दाम लागला का चुकून, ते मला सांगता येणार नाही.

मावशी म्हणाल्या, “आरं, मग त्या दिशी बोलायला काय झालं हुतं तुला?”

“हेडसर होते. घाबरलो.”

“म्या काय खाल्लं असतं का तुला? चार शिव्या दिल्या असत्या. वरवंट्याचं मला वाईट वाटतंय, मरस्तोवर वाटंल. पर दगुड तो. पोरीनं पाच दिस भाकरीला हात लावला न्हवता, ठावं हाय का तुला?”

मला ठाऊक नव्हतं.

त्यांनी आत पाहून नातीला हाक मारली. “ये गं. सरांला पेढा दे.” मुलगी आली, ताट पुढं केलं. मी तिला म्हणालो, “माझं चुकलं.” आसपासच्या बायका बघत होत्या. तिनं मान हलवली, हो का नाही ते कळलं नाही, आणि ताट घेऊन पुढच्या माणसाकडं गेली. आत पुन्हा गलका सुरू झाला, बाळाला पाळण्यात घातलं, कानात नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी हेडसरांना सगळं सांगितलं आणि संस्थेला पाठवायच्या अहवालातलं ‘आनंदानं, आपणहून दिलेला’ हे वाक्य बदलायला परवानगी मागितली. ते खिडकीकडं वळले. म्हणाले, “माझी सही झाल्यावर बदल. मी वाचणार नाही.” मी बदललं. उत्तर अजून आलेलं नाही. त्यानंतर मी वरवंटा दिलेल्या प्रत्येक घरी गेलो आणि जे आधी विचारायचं ते आता विचारलं. बरेच जण म्हणाले, असू द्या सर, अडगळ होती. काही घरी म्हाताऱ्या बायका बोलल्याच नाहीत, त्यांच्या सुनांनी चहा केला.

मुलगी नियमित येते. अभ्यास पूर्वीसारखाच चोख. बाकावर मात्र पुढं येत नाही, आणि मी बोलावत नाही. गेल्या महिन्यात कार्यानुभवाच्या तासासाठी मी मुलांना जुनी वर्तमानपत्रं आणायला सांगितलं. या वेळी ‘घरी विचारून’ हे फळ्यावर लिहिलं. सगळ्यांनी आणली. तिनं आणलेल्या गठ्ठ्याला सुतळी बांधली होती आणि सुतळीत वहीच्या कागदाची एक चिठ्ठी खोचली होती. ‘पेपर न्यायला आजीनं सांगितलं आहे’, खाली मावशींची सही, बचत गटात शिकलेली, अक्षर एकमेकांपासून लांब लांब.

“चिठ्ठी नको होती गं,” मी म्हणालो.

“असू दे सर,” ती म्हणाली. “तुमच्यापाशी ठेवा.”